किल्ली कुणाकडे असते?

मैत्रिणींनो, २०२५ च्या महिला दिनाला आपल्याला काय काय मिळालं, आठवतंय? एरवी गुलाबाचं फूल मिळतं, साडीवर सूट मिळते. त्या वर्षी राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटाच्या महिला प्रदेशाध्यक्षा रोहिणी खडसे यांनी थेट राष्ट्रपतींना पत्र लिहिलं, की बायकांना एक खून माफ करा. त्याच सुमाराला मंत्री गुलाबराव पाटील यांनी सल्ला दिला, की पर्समध्ये लिपस्टिक ठेवता तशी मिरचीपूड ठेवा, चाकूही ठेवा.

चाकूची गोष्ट तशी जुनीच. दिल्लीत डिसेंबर २०१२ मध्ये ते भयंकर घडलं, त्यानंतर २०१३ च्या जानेवारीत मुंबईत शिवसेनेने बायकांना चाकू वाटले होते. पुढच्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने खास बायकांसाठी म्हणून छोटं रिव्हॉल्व्हर काढलं. नाव ‘निर्भीक’, वजन साधारण अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात. आमच्या पूर्व भागातल्या एका विडी वळणाऱ्या बाईंना मी ती किंमत सांगितली, तर त्या म्हणाल्या, “ताई, तेवढ्यात माझ्या पोरीचं लगीन होतंय की!”

या संतापाला मी नावं ठेवत नाही. रात्रीची शेवटची बस पकडून घरी येणाऱ्या बाईला पर्समध्ये काहीतरी असावं असं वाटतं, त्यात चूक काय? माझा प्रश्न जरा वेगळा, आणि ऐकायला रुक्ष वाटेल असा आहे. समजा, मिळाला तुम्हाला परवाना. सोलापूर शहरात तो पोलीस आयुक्तांकडून मिळतो, खेड्यापाड्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडून. कशाला हवं ते सांगावं लागतं, पोलीस चौकशी होते, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, ते घरी सुरक्षित ठेवू असं लिहून द्यावं लागतं. हे सगळं केलंत. आता तुम्ही एका दवाखान्यात नर्स आहात. संध्याकाळी आठला ड्युटी सुरू. ते अर्ध्या किलोचं लोखंड कुठे ठेवणार? डब्याच्या पिशवीत? चेंजिंग रूममधल्या त्या लॉकरमध्ये, ज्याचं कुलूप केसांच्या पिनेने उघडतं? आणि वॉर्डात एखाद्या पेशंटचा मुलगा दारू पिऊन अंगावर धावून आला, तर तेव्हा ते लॉकरमध्ये असणार आणि तुम्ही सलाईनच्या स्टँडजवळ.

कामाच्या ठिकाणी शस्त्र आणायचं की नाही, आणलं तर कुठे ठेवायचं, हे ठरवायचं कुणी? मालकाने. पण आमच्याकडे मी दोन-चार ठिकाणी विचारून पाहिलं, तर कुणाकडे असा लेखी नियमच नाही. एका कारखानदारांनी तर हसून विचारलं, “ताई, आमच्या बायका शिलाईच्या कात्र्या आणतात, बंदुका कुठल्या?”

अमेरिकेत हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा राहिलेला नाही. २००२ साली ओक्लाहोमा राज्यातल्या वेअरहाऊझर कंपनीच्या कागद कारखान्यात, कामगारांनी बाहेर लावलेल्या गाड्यांची कुत्री आणून झडती घेतली आणि ज्यांच्या गाडीत बंदुका सापडल्या त्यांना कामावरून काढलं. त्यावर एवढं रान उठलं, की २००४ मध्ये त्या राज्याने कायदाच केला : कुलूपबंद गाडीत बंदूक ठेवायला मालकाने मनाई करायची नाही. कंपन्या कोर्टात गेल्या आणि २००९ मध्ये हरल्या. फ्लोरिडाने २००८ मध्ये, टेक्सासने २०११ मध्ये तसेच कायदे केले. माझी एक भाची डॅलसजवळ नोकरी करते. तिच्या कंपनीच्या नियमांच्या पुस्तकात लिहिलंय म्हणे, की शस्त्र इमारतीत आणायचं नाही, गाडीत राहिलं तर चालेल. ती म्हणाली, “मावशी, पहिल्या दिवशी वाचलं तेव्हा पोटात गोळा आला. आता पार्किंगमध्ये कुणी जोरात बोलायला लागलं, की मी आधी माझ्या गाडीत बसून काचा वर करते.”

आपल्याकडे असं नाही, हे आपलं भाग्य. आपल्याकडे शस्त्र हा हक्क नाही, १९५९ च्या कायद्याप्रमाणे परवान्याची बाब आहे. पण म्हणून आपल्या कामाच्या ठिकाणी बंदूक नसते असं समजू नका. ती रोज असते. इतकी रोज असते, की आपल्याला दिसेनाशी झालीय. बँकेच्या दारात दुनळी घेऊन बसलेले काका. एटीएममध्ये पैसे भरायला आलेल्या गाडीबरोबरचे दोघं. सराफाच्या पेढीवरचा रखवालदार. पुढाऱ्याबरोबर लग्नाला येणारा, सफारीतला, कमरेला फुगवटा असलेला माणूस. यातल्या प्रत्येकासाठी ते काम आहे, नोकरी आहे. त्या बंदुकीला मालक आहे, पाळी आहे, पगार आहे. आणि तिच्यापासून चार हातांवर काऊंटरमागे आपल्यासारखीच एखादी बाई दिवसभर नोटा मोजत बसलेली असते.

बचत गटाच्या कामासाठी मी एका बँकेत नेहमी जाते. तिथले रखवालदार निवृत्त जवान, स्वभावाने अगदी देवमाणूस. एकदा दुपारी ते पाणी भरायला गेले आणि बंदूक भिंतीला टेकवून गेले. एक चार-पाच वर्षांचं पोरगं तिच्या नळीत बोट घालून बघत होतं. आई अंगठा उठवण्यात गुंतलेली. मी त्या पोराला उचललं, आणि काका आल्यावर हळूच म्हटलं, तर ते म्हणाले, “काडतुसं माझ्या खिशात आहेत, मॅडम.” बरं वाटलं. पण मॅनेजरसाहेबांना विचारलं, की हे खिशात ठेवायचं, भिंतीला टेकवायचं नाही, संध्याकाळी कुठे जमा करायचं, हे कुठे लिहिलंय का? ते म्हणाले, “त्यांना सगळं माहिती असतं.” माणूस चांगला आहे म्हणून नियमाची गरज नाही, ही आपली जुनी सवय.

माणूस चांगला असतो, तोवर ठीक. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूरहून मुंबईला येणाऱ्या गाडीत पालघरच्या आसपास रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने आपल्या वरिष्ठाला आणि तीन प्रवाशांना गोळ्या घातल्या. तिन्ही प्रवासी मुसलमान होते आणि डब्याडब्यातून फिरून त्यांना वेचून मारल्याचा आरोप आहे. त्या द्वेषावर बरंच लिहिलं गेलंय, ते लिहायलाच हवं होतं. पण त्याच पथकातल्या दुसऱ्या जवानाने पोलिसांना जे सांगितलं, ते मला नोकरी करणारी बाई म्हणून पुन्हा पुन्हा आठवतं. तो म्हणत होता, माझी तब्येत बरी नाही, मला मधल्या स्टेशनवर उतरू द्या. त्याला सांगितलं गेलं, थोडीच ड्युटी राहिलीय, पूर्ण कर. मग त्याने सहकाऱ्याचा गळा धरून त्याची रायफल घेतली. ती परत मिळवली, तर बदल्यात त्याची स्वतःची रायफल त्याच्या हाती गेली. त्यानंतर थोड्याच वेळात गोळ्या सुटल्या.

आपण आजारी असलो आणि रजा नाकारली तर काय होतं? भाजी करपते, हिशेबात चूक होते, एखादी मुलगी मशीनवर बोट शिवून घेते. रजा नाकारणारा साहेब सगळीकडे सारखाच असतो हो. फक्त इथे त्या माणसाच्या हातात भरलेली रायफल होती, आणि ‘आज याच्या हातातून ती काढून घ्या’ असं म्हणणारा नियम त्या रात्री कुणाच्या कामी आला नाही. त्याने जे केलं त्याला आजारपणाची सबब मी मुळीच देत नाहीये. ते कोर्ट बघेल.

दुसरी घटना ऑफिसातली. ८ फेब्रुवारी २०२४. मुंबईत दहिसर-बोरिवली भागात मॉरिस नोरोन्हा नावाच्या माणसाने माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना आपल्या ऑफिसात बोलावलं, फेसबुकवर दोघं शेजारी बसून बोलले, आणि ते थेट प्रक्षेपण चालू असतानाच गोळ्या झाडल्या. नंतर स्वतःलाही संपवलं. पिस्तूल कुणाचं? त्याच्या अंगरक्षकाचं. परवाना अंगरक्षकाच्या नावावर, तोही उत्तर प्रदेशातला, आणि शस्त्र ऑफिसच्या लॉकरमध्ये ठेवलेलं. म्हणजे बघा, कायद्याने ज्याच्या हातात ते असायला हवं होतं तो बाजूलाच राहिला. नोकराची बंदूक आणि मालकाचं लॉकर. घोसाळकरांच्या पत्नी तेजस्वी, त्याही नगरसेविका होत्या, तपासासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिल्या. उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तपास सीबीआयकडे दिला.

यातून मला एकच प्रश्न दिसतो : किल्ली कुणाकडे होती?

बंदूकच लागते असंही नाही म्हणा. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात येरवड्याच्या एका बीपीओच्या पार्किंगमध्ये पैशांच्या वादातून सहकाऱ्यानेच एका तरुण मुलीवर वार केले. भोवती माणसं उभी होती. ती वाचली नाही. तिच्याही पर्समध्ये काही असतं तर? हा प्रश्न त्या वेळी मला कितीतरी जणींनी विचारला. मला उलट प्रश्न पडतो. कामावर एखाद्याचा राग असा आतल्या आत शिजत असताना ते कुणाला सांगायचं, कुणाकडे नोंदवायचं, याची काही जागा त्या मुलीला ठाऊक होती का? आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक आहे?

आणि बाईच्या हातात शस्त्र आलं की सगळं ठीक होतं, हाही भ्रम नको. जुलै २०२४ मध्ये मुळशीतल्या शेतकऱ्यांसमोर पिस्तूल नाचवणाऱ्या एका निवृत्त अधिकाऱ्याच्या पत्नीचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. पोलिसांनी त्यांना अटकही केली.

आता आपल्या गावाकडे येते. लिहिताना हात जड होतोय. १८ एप्रिल २०२५ च्या रात्री सोलापूरचे नामवंत मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. शिरीष वळसंगकर गेले. स्वतःच्या परवान्याच्या पिस्तुलाने, स्वतःच्या घरी. या जिल्ह्यात आणि शेजारच्या धाराशिव, लातूरकडेही असं घर विरळा, जिथल्या कुणाला तरी त्यांनी तपासलं नव्हतं. पुढे काय झालं, कुणावर गुन्हा दाखल झाला, ते सगळं कोर्टात आहे आणि त्यावर मी एक अक्षर बोलणार नाही. कट्ट्यावर बोलणारे भरपूर आहेत. त्या मृत्यूला एक कारण असतं असंही मला वाटत नाही. मला फक्त त्या वस्तूबद्दल बोलायचंय. बाहेरच्या कुणापासून रक्षण व्हावं म्हणून ती घरात येते. आणि वाईट रात्र तर आतूनच येते.

दुःखाची, निराशेची लाट कितीही मोठी असली तरी ती ओसरते. तेवढा वेळ हाताशी काही नसेल, तर माणूस राहतो. हे मी माझ्या मनचं सांगत नाही. इस्राएलच्या लष्करात तरुण जवान सुट्टीला घरी जाताना रायफल बरोबर नेत. २००६ मध्ये लष्कराने नियम केला, की सुट्टीला जाताना शस्त्र छावणीतच राहील. बस, एवढाच बदल. जवानांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या, आणि त्या घटल्या मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतल्या. श्रीलंकेने १९९५ पासून एकेक जहाल कीटकनाशक बाजारातून काढलं, तर पुढच्या वीस वर्षांत तिथलं आत्महत्येचं प्रमाण जवळजवळ ७० टक्क्यांनी खाली आलं. माणसांची दुःखं काही कमी झाली नसतील. बाटली हाताशी राहिली नाही, इतकंच. आपल्याकडे मोहोळ-माढ्याच्या मळ्यात राहणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. तिने फवारणीची बाटली कुठे लपवलीय, ते फक्त तिलाच माहीत असतं. त्या बाईला मी कुठल्याही मोठ्या तज्ज्ञापेक्षा कमी मानत नाही. आणि घरातल्या कुणाचं मन असं काळवंडलेलं दिसलं तर सरकारचा ‘टेली मानस’ म्हणून फोन आहे, १४४१६. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं.

मग म्हणजे बंदुका काढूनच टाका, असं माझं म्हणणं आहे का? नाही. रोकड नेणाऱ्या गाडीला पहारा लागतोच. आमच्या ओळखीचे एक निवृत्त इतिहासाचे सर आहेत, ते म्हणाले, “मार्शल लॉ सोसलेल्या गावातली तुम्ही बाई, १९३० साली गांधीजींनी व्हाईसरॉयपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यात स्वसंरक्षणासाठी शस्त्रपरवाने द्या अशीही एक होती, विसरलात?” विसरले नव्हते. पण त्याच मागणीत पुढे असंही होतं, की ते लोकांच्या नियंत्रणाखाली असावं. सरांनी तेवढंच गाळलं. परवान्यावर लोकांची नजर नसली की काय होतं, ते २०२५ च्या सुरुवातीला बीडमध्ये दिसलं. मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनानंतर मोजायला बसले, तर एका जिल्ह्यात हजाराहून जास्त परवाने. त्यातले शंभराहून अधिक रद्द करावे लागले. तोवर कुणाला ते मोजावेसे वाटले नव्हते.

आणि एक गंमत बघा. निवडणूक लागली, की परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात. लोकसभेला लावली, विधानसभेला लावली. कुणी ओरडलं नाही. मतपेटीजवळ बंदूक धोक्याची असते हे सरकारला कळतं. मग दिवाळी बोनसवरून भांडण पेटलेल्या कारखान्याच्या दारात, किंवा बायको-मुलांशी अबोला धरून बसलेल्या घरात ती धोक्याची नसते?

हे सगळं आत्ता लिहायचं कारण आहे. कारखान्यांत बायकांना रात्री काम देण्यावर जुन्या कायद्यात बंधन होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. बाईची संमती असेल आणि मालकाने सुरक्षेची व्यवस्था केली असेल, तर रात्रपाळी देता येते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, गारमेंटच्या युनिटांत, दवाखान्यांत रात्रीच्या बायका वाढतील. मग ‘सुरक्षेची व्यवस्था’ म्हणून मालक पहिली गोष्ट काय करेल? दारात एक बंदूकवाला आणून बसवेल, आणि संहितेची अट पूर्ण झाली म्हणेल. त्या माणसाची नेमणूक कुठल्या एजन्सीने केली, बंदूक एजन्सीची की त्याची स्वतःची, परवाना महाराष्ट्रात चालतो का, सलग किती तास तो जागा आहे, पाळी संपल्यावर ती बंदूक कुठे जाते, हे आत काम करणाऱ्या बाईने विचारायचं नाही असा आपल्याकडे समज आहे. संमतीच्या कागदावर सही मागतील ना? त्याच वेळी विचारायचं. ती सही तुमच्या हातात असते तोवरच तुमचं ऐकतील.

आणि रात्री बारा वाजता बंदूकवाल्यापेक्षा जास्त उपयोगाच्या दोन-तीन गोष्टी आहेत, त्या त्याच कागदावर मागून घ्या. घरापर्यंत गाडी. गाडीत सगळ्यात शेवटी उतरणारी बाई एकटी असता कामा नये. पुण्यात २००७ मध्ये कंपनीच्या गाडीतूनच गेलेल्या मुलीचा खून झाला, त्यानंतर हा धडा शिकला गेला. पार्किंगमध्ये चांगला दिवा. आणि दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे, ती खरंच आहे की नुसता बोर्ड लावलाय, ते बघा. दहापेक्षा कमी असाल, किंवा तक्रार खुद्द मालकाचीच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते.

माझी एक वाचक मैत्रीण सराफाच्या पेढीवर हिशेब लिहिते. बारा वर्षं झाली. रखवालदाराची बंदूक दुपारच्या जेवणाच्या वेळी तिच्याच टेबलाखाली ठेवलेली असायची, पायाला लागायची. मागच्या वर्षी तिने शेठजींना विचारलं, “हिची नोंद कुठल्या वहीत करू?” शेठजी म्हणाले, “हिची कसली नोंद?” ती म्हणाली, “तोळाभर सोनं हललं तरी मी लिहिते, ही रोज दोनदा हलते.” चार दिवस शेठजी बोलले नाहीत तिच्याशी. पाचव्या दिवशी भिंतीत बोल्ट मारलेलं एक लोखंडी कपाट आलं. काडतुसांचा खण वेगळा, कुलपं दोन. एक किल्ली रखवालदाराकडे, एक शेठजींकडे. वही मात्र अजून तीच लिहिते. सकाळी किती वाजता निघाली, किती वाजता आत गेली, कुणी ठेवली, कुणी बघितली. खाली सही.